ई-रीडर घ्यावा का? आधी पुस्तकांची यादी, मग यंत्राचा विचार

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. घरात वाचणारे तिघे आहोत : मी, माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे आणि नववीतला मुलगा. वाचन बहुतेक मराठी, थोडेफार इंग्रजी. पुस्तकांवर महिन्याला पाच-सहाशे रुपये खर्च होतात. वाचनालय चौदा किलोमीटरवर आहे आणि एसटीच्या वेळा पाहता महिन्यातून एकदाच तिथे जाणे होते. पावसाळ्यात घरातल्या पुस्तकांना बुरशी धरते. न्यू जर्सीत राहणारा माझा भाऊ ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्याचे यंत्र, घ्यायला सांगतो. सतरा हजारांच्या आसपास किंमत असलेला ई-रीडर घेतला, तर वाचन स्वस्त पडेल का?

उत्तर : मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात बरीच वर्षे ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांबरोबर आता सभासदांचे फोन, टॅब आणि ई-रीडरही येतात, आणि आपला प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारलेला आहे. माझे मत आधीच सांगतो. मुख्यतः मराठी वाचणाऱ्या माणसाने केवळ पैसे वाचावेत म्हणून ई-रीडर घेऊ नये. तो घेण्याची इतर कारणे आहेत, आणि त्यातले एक कारण आपल्या घरात आहे असे दिसते. पण त्याकडे हिशेब झाल्यावर येऊ.

अॅमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरची चालू पिढी एप्रिल २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत १६,९९९ रुपये होती. आपण धरलेला आकडा बहुधा तोच असावा. आता समजा, तीनशे रुपयांचे एक मराठी पुस्तक आहे. दुकानदार दहा टक्के सवलत देतो आणि पुस्तक घरपोच यायला चाळीस रुपये लागतात, म्हणजे ते आपल्याला ३१० रुपयांना पडते. त्याचीच ई-आवृत्ती दोनशे रुपयांना मिळते असे धरू. एका पुस्तकामागे ११० रुपये वाचले, तर सतरा हजारांची भरपाई व्हायला सुमारे १५५ पुस्तके विकत घ्यावी लागतील. आपल्या सध्याच्या खर्चात महिन्याला दोन पुस्तके बसतात, तेव्हा हा काळ सहा वर्षांच्या पुढे जातो. तेवढ्या काळात बॅटरी थकू शकते आणि पडदा तडकू शकतो, आणि तडकलेल्या पडद्याची दुरुस्ती जवळजवळ नव्या यंत्राच्या किमतीत जाते. उलट बाजूने पाहायचे तर वाचनालयाची वर्गणी महिन्याला पन्नास रुपये धरली, तरी सतरा हजारांत अठ्ठावीस वर्षांची वर्गणी भरून होते. आकडे आपल्याकडचे घाला. उत्तर थोडे हलेल, पण दिशा फारशी बदलणार नाही.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जी काही बचत आहे ती ई-पुस्तकातली आहे, ई-रीडरमधली नव्हे. दोनशे रुपयांची तीच ई-आवृत्ती हातातल्या फोनवर फुकट मिळणाऱ्या अॅपमध्ये वाचता येते. म्हणजे छापील आणि ई-पुस्तकाच्या किमतीतला फरक यंत्राच्या खात्यावर मांडणे मुळातच बरोबर नाही. तो फरक आपल्याला आजच, एक रुपयाही न गुंतवता मिळू शकतो. सतरा हजार रुपये आपण मोजणार ते डोळ्यांच्या आरामासाठी, दीर्घकाळ टिकणाऱ्या चार्जिंगसाठी आणि वाचताना मध्येच व्हॉट्सअॅप येऊ नये यासाठी. या सोयींची किंमत तेवढी आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे. कराचे म्हणाल तर छापील पुस्तकावर जीएसटी नाही; छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा कर २०१८ मध्ये अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. हा फरक निर्णायक नाही, एवढेच.

मग वाचन स्वस्त होते कुठे? ते होते फुकट आणि कायदेशीर मिळणाऱ्या पुस्तकांमुळे, आणि अशी पुस्तके मराठीत लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लेखनहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ च्या १ जानेवारीपासून त्यांचे लेखन कोणालाही छापता, वाटता आणि उतरवून घेता येते. याच नियमाने १९६५ अखेरपर्यंत निधन झालेल्या लेखकांची त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके आता हक्कमुक्त आहेत. मराठी विकिस्रोत, इंटरनेट अर्काइव्ह, राज्य मराठी विकास संस्था आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवरून जुनी व दुर्मीळ पुस्तके उतरवता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके त्यांच्या संमतीने विनामूल्य देते. मराठी विश्वकोश तर पूर्णपणे ऑनलाइन आहे. इंग्रजीसाठी १९७१ पासून चालत आलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, जिथे जुन्या अभिजात पुस्तकांचा सत्तर हजारांहून मोठा साठा ई-रीडरला मानवेल अशा स्वरूपात तयार आहे. इंग्रजीत आपण मुख्यतः असे जुने साहित्य वाचत असाल, तर माझा वरचा सगळा हिशेब उलटतो आणि यंत्र दोनेक वर्षांत स्वतःची किंमत फेडते.

मराठीत मात्र इथेच एक अडचण उभी राहते. ती नीट समजून घ्यावी, कारण घेतलेले ई-रीडर कपाटात पडून राहण्याचे सर्वांत मोठे कारण मी तेच पाहतो. फुकट मिळणारी बहुतेक मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात असतात, आणि त्यातली बरीचशी म्हणजे जुन्या छापील पानांची छायाचित्रे असतात. डेमी आकाराचे पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. सहा इंची ई-रीडरचा पडदा असतो सुमारे ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. पूर्ण पान त्यात बसवले की ते निम्म्याच्या थोडे वर येते आणि बारा पॉइंटांचे अक्षर सात पॉइंटांच्याही खाली जाते. रोमन लिपीत एवढे अक्षर कसेबसे वाचता येते. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात; सात पॉइंटांत एक मात्रा आहे की दोन, उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे अंदाजाने वाचावे लागते. दहा पाने असे वाचले की माणूस यंत्र खाली ठेवतो, आणि दोष मात्र स्वतःच्या चष्म्याला देतो.

यावर उपाय आहे, पण तो कोणीतरी दाखवावा लागतो. पीडीएफ उघडल्यावर आधी समास कापून टाकावेत आणि मग यंत्र आडवे धरावे. डेमी पानावरच्या मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास असते, तर आडव्या धरलेल्या पडद्याची रुंदी ४.८ इंच असते. म्हणजे अक्षर छापील पुस्तकापेक्षाही थोडे मोठे दिसते. एक पान दोन-तीन टप्प्यांत सरकवत वाचावे लागते, हाच काय तो त्रास. संगणक हाताशी असेल तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम हेच काम एकदाच करून देतो : तो छायाचित्रातल्या ओळी आणि शब्द ओळखून ते लहान पडद्याच्या मापात नव्याने मांडतो. आमच्याकडे एका सभासदांनी दासबोधाची जुनी स्कॅन केलेली प्रत अशी आडवी मांडून घेतली, तेव्हा ओव्या एकेका ओळीत नीट बसल्या आणि त्यांना आणखी काही करावे लागले नाही. सगळ्याच पुस्तकांचे इतके सरळ जमत नाही. दोन स्तंभांची जुनी मासिके, तळटीपांचे ग्रंथ आणि ज्यांची पाने स्कॅन करताना तिरकी बसली आहेत अशी पुस्तके या प्रोग्रॅमलाही दाद देत नाहीत.

दुसऱ्या जातीच्या पीडीएफ छायाचित्रांच्या नसतात, त्यांत खरा मजकूर असतो; पण तो युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच संकेतांक देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेला असतो. पडद्यावर तो छान मराठी दिसतो. अक्षर मोठे करावे म्हणून त्याचे ई-पुस्तकाच्या स्वरूपात रूपांतर केले, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उभी राहते, कारण आतून ती अक्षरे मराठी नसतातच. अशी फाइल मिळाली तर तिच्यातली एक ओळ कॉपी करून फोनवरच्या संदेशात चिकटवून पाहावी. मराठी उमटली तर रूपांतर होईल. नाही उमटली तर ती फाइल आहे तशीच, आडव्या पडद्यावर वाचावी आणि रूपांतराच्या मागे संध्याकाळ घालवू नये. विकिस्रोतावरची पुस्तके या बाबतीत सर्वांत सोयीची आहेत. ती युनिकोडमध्ये टंकलिखित केलेली असतात आणि थेट ईपब या, अक्षर लहानमोठे करता येणाऱ्या ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवता येतात.

ईपब मिळाली तरी यंत्राने देवनागरी नीट दाखवली पाहिजे. विकत घेण्यापूर्वी, किंवा घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, ही परीक्षा करावी. एका पानावर ‘वाऱ्यावर’, ‘दर्‍या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षत्रिय’, ‘श्रृंगार’ आणि ‘शृंगार’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ असलेले शब्द टंकून ते पान यंत्रात घालावे आणि वाचावे. जोडाक्षरे सुटी पडत असतील, ‘ऱ्य’मधला चंद्राकृती र जागेवर येत नसेल, किंवा वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढत असेल, तर वेगळा फॉन्ट घालून पाहावा. किंडल आणि कोबो (दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर) दोन्हींत आपल्या पसंतीचा फॉन्ट घालता येतो. काही यंत्रांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. तो दोष नव्हे, पण मराठी वळणाचा फॉन्ट घातला की जुन्या वाचकांना हायसे वाटते. घनता हा आणखी एक मुद्दा. साध्या किंडलच्या २०२२ पूर्वीच्या पिढ्यांत एका इंचात १६७ ठिपके बसत, त्यानंतरच्यांत ३०० बसतात. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक चालून जातो. मराठीतल्या मात्रा आणि अनुस्वार यांना तो चालत नाही. तेव्हा ३०० च्या खालचे यंत्र स्वस्तात मिळाले, तरी मराठीसाठी घेऊ नये.

आता दुकानांविषयी. अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतली ई-पुस्तके किंडलवर आणली, आणि तेव्हापासून मोठ्या प्रकाशकांची बरीच नवी पुस्तके तिथे मिळतात. बुकगंगावर घेतलेले ई-पुस्तक मात्र त्यांच्या स्वतःच्या अॅपमध्ये उघडते, गूगल प्लेवरचे गूगलच्या. किंडलवर ही अॅप चालत नाहीत. ज्यांची खरेदी आधीपासून अनेक दुकानांत विखुरलेली आहे, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचे यंत्र, उदाहरणार्थ बूक्स या कंपनीचे, हाच मार्ग उरतो. त्यात सगळी अॅप चालतात, पण किंमत वाढते, चार्जिंग लवकर संपते आणि सेटिंगांचा पसाराही बराच असतो. आणखी एक बारकावा : ईपब फाइल तारेने किंडलमध्ये टाकली तर ती उघडत नाही, ती ‘सेंड टू किंडल’ या सोयीने पाठवावी लागते, मग अॅमेझॉन तिचे रूपांतर करून यंत्रावर उतरवते. ईमेलने पाठवायची मर्यादा ५० एमबी आहे, संकेतस्थळावरून २०० एमबी. अर्काइव्हवरची जाड स्कॅन प्रत ही मर्यादा सहज ओलांडते. ती पीडीएफच असेल तर तारेने टाकावी, ती उघडते.

विकत घेतलेले ई-पुस्तक आपल्या मालकीचे किती, हाही प्रश्न स्वस्ताईच्या हिशेबात धरला पाहिजे. आपण वाचण्याचा परवाना घेतो, पुस्तक नव्हे. अॅमेझॉनने २००९ मध्ये एका विक्रेत्याच्या हक्काच्या वादावरून ग्राहकांच्या यंत्रांतून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत दिले, पण पुस्तके गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही अॅमेझॉनने काढून टाकली. रोजच्या वाचनात यामुळे काही अडत नाही. पण आपण छापील कादंबरी वाचून झाल्यावर शेजारच्या वाडीत देता, ती चार घरे फिरून येते, आणि तिची खरी किंमत त्या चार घरांत वाटली जाते. ई-पुस्तक असे फिरत नाही. कोकणात वाचन स्वस्त राहिले आहे ते मुख्यतः या फिरण्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

परदेशस्थ नातेवाईक ई-रीडरची शिफारस करतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा तिथली सार्वजनिक ग्रंथालये असतात. तिकडे लिबीसारख्या अॅपमधून घरबसल्या ग्रंथालयाची ई-पुस्तके फुकट मिळतात, आणि अमेरिकेत तर ती थेट किंडलवर येतात. त्यामुळे यंत्र घेतले की पुस्तकांचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. आपल्याकडच्या अनुदानित वाचनालयांत ही सोय नाही. केंद्र सरकारचे राष्ट्रीय ई-पुस्तकालय मुलांसाठी विनामूल्य आहे आणि आपल्या मुलाला ते जरूर दाखवावे, पण ते फोन किंवा टॅबवरचे अॅप आहे. तेव्हा भावाने न्यू जर्सीहून दिलेला सल्ला त्याच्या जागी बरोबर असला, तरी देवगडला जसाच्या तसा लागू होत नाही.

हवामानाचा मुद्दा आपण काढलात, तो रास्त आहे. मिरग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आपल्या घरांत कागद कोरडा राहत नाही. बुरशी, कसर आणि वाळवी या तिघांपुढे पुस्तकांचे काय होते, ते आमच्या बांधणीच्या खर्चात दिसते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले, तेव्हा दीडशे वर्षांहून जुन्या संस्थेच्या ग्रंथांचे केवढे नुकसान झाले, ते या व्यवसायातल्या सर्वांनी पाहिले. अशा वेळी पाच-पंचवीस पुस्तके एका पातळ यंत्रात कोरडी राहतात, ही सोय लहान नाही. वीज जाण्याचेही तसेच. ई-इंकचा पडदा वीज खातो तो पान उलटताना. पान स्थिर असताना खर्च होते ती फक्त दिव्याची. उत्पादक बारा आठवडे चार्जिंग टिकते असे सांगतात, ते रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असे गृहीत धरून. रोज दोन तास वाचणाऱ्याला तीन आठवडे मिळतात, आणि तेही पुरेसे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा फोनची बॅटरी घरच्यांशी बोलण्यापुरती राखून ठेवावी लागत होती, तिच्यावर कादंबरी वाचणे कोणाला परवडणारे नव्हते.

खाऱ्या हवेची गोष्ट वेगळी. पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोलीवर साठ मिनिटे टिकते असे कंपनी सांगते. समुद्राच्या पाण्यासाठी हाच दावा पाव मीटर आणि तीन मिनिटे इतका आक्रसतो. त्यावरून मीठ यंत्राला किती मानवते ते समजावे. किनाऱ्यावरच्या घरात सर्वांत आधी चार्जिंगचे तोंड गंजते. यंत्र झाकणाच्या कव्हरात, धान्याच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, तोंड ओलसर वाटले तर चार्जिंगला लावू नये, आणि खिडकीतल्या कट्ट्यावर तर मुळीच ठेवू नये. बिघाड झाल्यास इथे कोणी दुरुस्त करील या भरवशावर राहू नये. यंत्र कुरिअरने बाहेरगावीच पाठवावे लागते.

आता आपल्या सासऱ्यांविषयी. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही असे आपण थेट लिहिलेले नाही, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी आणि आपल्या जुन्या घरांतल्या मंद उजेडात ते गृहीत धरायला हरकत नाही. माझ्या अनुभवात ई-रीडरचा खरा उपयोग या वयाच्या वाचकांना होतो. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, प्रकाश डोळ्यांवर न येता पानावर पडतो, आणि सात इंची यंत्र जाड पुस्तकापेक्षा पुष्कळ हलके असते. ज्यांनी वाचनालयाचे सभासदत्व केवळ डोळ्यांमुळे सोडले होते, असे काही जण या यंत्रामुळे पुन्हा वाचू लागलेले मी पाहिले आहेत. अट दोन गोष्टींची. पुस्तके युनिकोडमधली, म्हणजे अक्षर मोठे होणारी हवीत. स्कॅन प्रतींचा त्यांना उपयोग नाही. आणि पहिला महिनाभर कोणीतरी शेजारी बसून पान कुठे दाबायचे, परत मुखपृष्ठावर कसे यायचे, हे शांतपणे दाखवायला हवे. वयस्क बोटांचा स्पर्श काही पडदे नीट ओळखत नाहीत. ते दुकानातच किंवा ओळखीच्या कोणाच्या यंत्रावर तपासून घ्यावे. डॉक्टरांनी मोतिबिंदूचे सांगितले असेल तर मात्र आधी शस्त्रक्रिया, मग यंत्र.

मुलासाठी ई-रीडर घेऊ नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण ती मोठ्या पानाची आणि रंगीत असतात. काळ्या-पांढऱ्या सहा-सात इंचांत नकाशे आणि आकृत्या यांचा काहीच अर्थ लागत नाही. त्याला वाचनालयाचे बालविभागाचे सभासदत्व जास्त उपयोगी पडेल.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ‘ई-रीडर घेतला की सगळी पुस्तके फुकट’ असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरणाऱ्या चालू पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या आसपास प्रतींची असते. त्यातल्या शंभर वाचकांनी फुकट पीडीएफ वाचली, तर पुढची आवृत्ती निघत नाही आणि त्या लेखकाचे पुढचे पुस्तकही रखडते. हा स्वस्त वाचनाचा मार्ग म्हणून मी कोणालाही सुचवत नाही.

जुने यंत्र हा पर्याय आपल्याकडे पुष्कळदा येतो, कारण गणपतीत येणारा चाकरमानी स्वतः नवे घेऊन जुने गावी ठेवून जातो. ते जरूर घ्यावे, पण तो मुंबईला परतण्यापूर्वी त्याच्याकडून यंत्राची त्याच्या खात्यातली नोंदणी रद्द करून घ्यावी आणि आपल्या खात्यावर नोंदवून पाहावे. तसे न केल्यास पुस्तके त्याच्या नावावर राहतात, आणि पुढे त्याने खाते बदलले की अडचण होते. अनोळखी माणसाकडून विकत घेताना तर ही नोंदणी आपल्यासमोर झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत; हरवलेले म्हणून कळवलेले यंत्र दुसऱ्या कोणाच्या खात्यावर नोंदले जात नाही. पडद्यावर पुसट जुनी अक्षरे राहतात का, दिवा सर्व बाजूंनी सारखा पडतो का आणि चार्जिंगची तार हलवल्यावर सुटते का, एवढे पाहिले तर पुरे.

आपल्याला माझा सल्ला असा. गेल्या वर्षभरात घरातल्या तिघांनी वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी वाचायच्या असलेल्या तीसेक पुस्तकांची यादी करावी. प्रत्येक पुस्तकापुढे ते किंडलवर आहे का, बुकगंगावर आहे का, विकिस्रोतावर आहे का, की केवळ छापील मिळते, हे लिहावे. यादी करताना लक्षात येईल की नवी कादंबरी आणि अनुवाद ई-स्वरूपात सापडतात, पण दिवाळी अंक, जुने प्रवासवर्णन, गावाचा किंवा देवस्थानाचा इतिहास, मालवणी बोलीतले लेखन यांतले बरेच काही तिथे नसते. ते असते रत्नागिरीच्या १८२८ सालच्या नगर वाचनालयासारख्या किंवा सावंतवाडीच्या १८५२ सालच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थांच्या कपाटांत. तीसपैकी वीस पुस्तके एकाच दुकानात ई-स्वरूपात मिळत असतील, तर पुढे जावे. दहाच्या आत मिळत असतील, तर सतरा हजार रुपये तसेच ठेवावेत आणि वाचनालयात जास्त पुस्तके एका वेळी नेता येतील असा वर्गणीचा वरचा दर घ्यावा. महिन्यातून एकदाच येणाऱ्या सभासदाला अनामत वाढवून चार-पाच पुस्तके द्यायला बहुतेक ग्रंथपाल राजी असतात, विचारून पाहा.

यादी समाधानकारक निघाली, तरी लगेच यंत्र मागवू नये. फोनवर किंडलचे अॅप घ्यावे, दोन पुस्तके विकत घ्यावीत, विकिस्रोतावरून दोन उतरवावीत, आणि ती तिघांनी पूर्ण वाचावीत. सासऱ्यांना एखाद्या ओळखीच्याकडचा ई-रीडर आठवडाभर मागून द्यावा. त्यांनी तो आपण न सांगता संध्याकाळी हातात घेतला, तर खरेदी करावी, आणि ती सात इंची, ३०० घनतेचीच करावी. किमती सणांच्या आसपास उतरतात, तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबायला हरकत नाही. सोबत झाकणाचे कव्हर त्याच दिवशी मागवावे. कव्हरावर वाचवलेले हजार रुपये तडकलेल्या पडद्याला पुरत नाहीत. आणि बिल जपून ठेवावे, कारण हमीच्या काळात यंत्र बदलून घ्यायचे झाले तर तेच लागते.